नाव जुने, वीर नवा

आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची जुनी चाल आहे. आजोबा सदाशिव, तर नातूही सदाशिव. आजोबांनी जन्मभर भाताच्या खाचरात नांगर धरलेला असतो. नातू मुंबईस जाऊन यंत्रे दुरुस्त करतो. पूर्वी पतीचे नाव मुखाने घ्यावयाचे नाही, असा रिवाज होता. त्यामुळे आजी नातवाला त्या नावाने हाकच मारीत नसे. ती त्याला 'बाळ' किंवा 'बाबू' म्हणे. नाव एकच, पण चेहरा, काम आणि काळ निराळे. असे एखादे नाव एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तेव्हा त्याबरोबर काय जाते आणि काय जात नाही? या प्रश्नाचा विचार आपण चित्रकथांतील वीरांच्या साहाय्याने करू.

मुलांनो, ज्यांना तुम्ही 'सुपरहीरो' म्हणता, ते अद्भुत वीर तुमच्या चांगल्या परिचयाचे आहेत. कोणी आकाशात उडतो, कोणी भिंतीवर चढतो, कोणी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शंभर कोस दूर जातो. आता असे समजा की, या वीरांची केवळ नावे ठेवली आणि त्यांचा पोशाख, शक्ती, जन्मकथा हे सारे पुसून टाकले. त्या नावांतून अगदी नवे वीर निर्माण करता येतील काय? कोणास हा निव्वळ पोरखेळ वाटेल. परंतु असे प्रयोग पूर्वीपासून होत आले आहेत, आणि त्यांपैकी काही तर आपल्या कोकणातच झाले आहेत.

रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा हे तालुक्याचे गाव मुंबई-गोवा महामार्गावर वसलेले आहे. या जिल्ह्यात शिमगा आला की गावोगावचे खेळे बाहेर पडतात. नमनाचा मृदंग घुमू लागला की मुलांचे डोळे एका सोंगाची वाट पाहू लागतात. ते सोंग म्हणजे संकासुर. अंगात काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी आणि कमरेला घुंगूर, असा त्याचा थाट असतो. पुराणातील शंखासुर हा वेद चोरून समुद्रात दडून बसलेला दैत्य होय. त्याच्या वधासाठी विष्णूने मत्स्यरूप धारण केले, अशी कथा आहे. खेळ्यांतील संकासुर मात्र निराळा. त्याला पाहताच मुले किंचाळत पळतात आणि पुढच्याच क्षणी त्याच्या मागे धावतात. दशावतारी नाटकात वेदांच्या चोरीची कथा कायम राहिली आहे. तथापि तेथेही हा दैत्य प्रेक्षकांना पोट धरून हसवून जातो. पुराणातील भयंकर नाव गावकऱ्यांनी घेतले, आणि त्यातून आपल्या अंगणात नाचणारे एक नवेच पात्र उभे केले.

वेताळ या नावाची कहाणी याहून लांब पल्ल्याची आहे. विक्रमराजाच्या खांद्यावर बसून त्याला कूटप्रश्न विचारणारा वेताळ तुम्हांस ठाऊक असेल. अकराव्या शतकात सोमदेव या काश्मिरी पंडिताने रचलेल्या 'कथासरित्सागर' या ग्रंथात त्याच्या कथा आल्या आहेत, आणि 'वेताळपंचविशी' या नावाने त्या मराठीत घरोघर पोचल्या. तो वेताळ प्रेताच्या शरीरात वास करतो आणि राजाच्या बुद्धीची परीक्षा पाहतो.

दक्षिण कोकणात आणि गोव्यात याच नावाची एक देवता आहे, आणि ती गावाची राखण करते. वेंगुर्ले तालुक्यातील आरवली येथील वेतोबाचे देवस्थान प्रसिद्ध आहे. 1981 साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत हे गाव रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. वेतोबा रात्री गावातून फेरी घालतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणून भक्त त्याला चामड्याची भली मोठी पादत्राणे अर्पण करतात, आणि चालून चालून ती झिजतात असे सांगतात. स्मशानातील वेताळ कोडी घालीत असे. हा वेताळ पहारा करतो.

पुढे या नावाला तिसरा धनी मिळाला. 1936 साली अमेरिकेत ली फॉक नावाच्या लेखकाने वृत्तपत्रातील चित्रकथेसाठी 'फँटम' हा वीर निर्माण केला. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ भूत किंवा आभास असा आहे. मार्च 1964 मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया संस्थेने 'इंद्रजाल कॉमिक्स' ही चित्रकथामाला सुरू केली. ती 1990 पर्यंत चालली. मराठी वाचकांपुढे हा वीर 'वेताळ' या नावाने आला. अंगासरशी बसणारा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा आणि बोटात कवटीची अंगठी असा हा वेताळ जंगलातील दुबळ्यांचे रक्षण करी. रात्री फेरी घालणाऱ्या रक्षक वेताळाची ज्यांना सवय होती, त्या कोकणातील मुलांना हे नाव परके वाटण्याचे काहीच कारण नव्हते.

मौज अशी की, या वेताळाच्या कथेतही आपलाच विषय दडलेला आहे. लोक त्याला अमर समजतात. प्रत्यक्षात तो अमर नाही. त्या घराण्यातील पहिल्या पुरुषाने, चाच्यांनी आपल्या पित्याचा वध केल्यावर, मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून दुष्टांशी लढण्याची शपथ घेतली. तेव्हापासून पिता मरण पावला की पुत्र तोच मुखवटा चढवितो आणि तीच शपथ उच्चारतो. चित्रकथेत आपल्याला भेटणारा वेताळ हा त्या मालिकेतील एकविसावा आहे. तो मुखवटा आणि ती अंगठी पित्याकडून मिळते. धैर्य मात्र प्रत्येकाला आपले आपण दाखवावे लागते.

आता थोडा वेळ अमेरिकेकडे वळू. तेथे चित्रकथांचा धंदा मोठा, आणि एका नावातून अनेक वीर निर्माण करण्याची रीतही तेथे चांगली रुळलेली आहे. 'ग्रीन लँटर्न', म्हणजे हिरवा कंदील, या वीराचे उदाहरण घ्या. मार्टिन नोडेल या चित्रकाराने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एका कामगाराच्या हाती कंदील पाहिला. त्यावरून त्याला एक कल्पना सुचली, आणि 1940 साली पहिला हिरवा कंदील जन्मास आला. तो रेल्वेचा एक अभियंता होता. आपल्या अंगठीला तो कंदिलातून शक्ती देत असे. 1959 साली हेच नाव एका वैमानिकाला मिळाले. त्याच्याही बोटात अंगठी होती, परंतु ती त्याला परग्रहावरील एका मरणासन्न रक्षकाने दिलेली होती. आणि हा नवा वीर साऱ्या विश्वाचा पहारेकरी झाला.

'फ्लॅश', म्हणजे लखलखाट, या नावाचेही असेच झाले. 1940 सालचा फ्लॅश वाऱ्याच्या वेगाने धावणारा एक तरुण होता. 1956 साली दुसरा फ्लॅश आला. तो पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम करणारा शास्त्रज्ञ. अंगी वेग आल्यावर त्याला प्रश्न पडला की, आपण नाव कोणते घ्यावे? लहानपणी त्याने जुन्या फ्लॅशची चित्रकथा वाचली होती. तेच नाव त्याने आदराने घेतले. म्हणजे कथेतील वीरानेच कथेतील वीराकडून नाव उसने घेतले!

तरीही या नव्या वीरांत जुन्यांचे बरेच काही शिल्लक होते. अंगठी राहिली, वेग राहिला. 1997 साली डॅन जर्गेन्स या लेखक-चित्रकाराच्या कल्पनेतून डीसी या प्रकाशनसंस्थेने याच्याही पुढचे पाऊल टाकले. त्या मालेचे नाव 'टॅन्जन्ट', म्हणजे स्पर्शिका. भूमितीत स्पर्शिका वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करते आणि आपल्या सरळ वाटेने निघून जाते. येथे तो एकमेव बिंदू म्हणजे नाव. जुन्या वीरांची नावे तेवढी ठेवावयाची आणि बाकी सारे नव्याने रचावयाचे, असा नियम ठरला. मग 'फ्लॅश' हे नाव प्रकाशावर सत्ता चालविणाऱ्या एका मुलीला मिळाले. 'जोकर' हे एका दुष्टाचे नाव होते. ते दुष्टांची फजिती करणाऱ्या एका खट्याळ तरुणीकडे गेले. आणि 'हिरवा कंदील' हातात धरून एक गूढ स्त्री आली. तिच्या कंदिलाच्या प्रकाशात मृत माणसे थोडा वेळ जागी होत आणि जगताना राहून गेलेले एखादे काम पुरे करीत.

या तिन्ही कंदिलांकडे एकदा नीट पाहा. कंदील काय करतो? तो अंधारात वाट दाखवितो, गाडीला पुढे जाण्याची खूण देतो, आणि हरवलेली वस्तू शोधण्यास उपयोगी पडतो. एका शब्दात असे अनेक अर्थ असतात. प्रत्येक लेखकाने त्यातील आपल्याला हवा तो अर्थ उचलला. नव्या वीराचे बीज हे असे नावाच्या अर्थात असते. ज्याने केवळ पोशाखाचा रंग बदलला, त्याने नवा वीर निर्माण केला असे म्हणता येणार नाही.

नाव घेण्यात असा आनंद आहे, तसे त्यात भांडणही आहे. 1940 साली 'कॅप्टन मार्व्हल' हा वीर अमेरिकेत फार लोकप्रिय झाला. एक अनाथ मुलगा 'शझाम' हा मंत्र उच्चारतो आणि क्षणात बलाढ्य पुरुष बनतो, ही कल्पना मुलांना मोहून टाकणारी होती. परंतु हा वीर आपल्या सुपरमॅनची नक्कल आहे, असे म्हणून दुसऱ्या प्रकाशकाने त्याच्यावर दावा लावला. तो वाद अनेक वर्षे चालला, आणि शेवटी 1953 साली त्या चित्रकथा बंद पडल्या. नाव धन्यावाचून राहिले. 1967 साली मार्व्हल या तिसऱ्याच प्रकाशनसंस्थेने परग्रहावरील एका योद्ध्याला ते नाव दिले. पुढे 1973 साली जुना वीर पुन्हा छापला जाऊ लागला, तेव्हा त्याच्या मालेला त्याचे स्वतःचे नाव देता येईना! मालेचे नाव 'शझाम' असे ठेवावे लागले. कालांतराने त्या वीरालाही लोक त्याच नावाने ओळखू लागले. इकडे 'कॅप्टन मार्व्हल' हे नाव 2012 साली कॅरल डॅन्व्हर्स या वैमानिक स्त्रीकडे आले, आणि 2019 साली तिच्यावर चित्रपटही निघाला.

या हकिकतीवरून नाव ही केवढी मोलाची वस्तू आहे हे तुमच्या ध्यानात येईल. एका वीराने मिळविलेले नाव दुसऱ्याच्या हाती गेले, आणि पहिल्याला मंत्राच्या आधाराने ओळख टिकवावी लागली. म्हणून दुसऱ्याने निर्मिलेल्या वीराचे नाव घेऊन पुस्तक छापणे आणि विकणे हा ज्याच्या त्याच्या हक्काचा प्रश्न असतो. वर्गात आणि वहीत मात्र कल्पनेला मोकळे रान आहे. शिवाय आपल्या भोवती अशी कितीतरी नावे आहेत, जी कोणा एकाच्या मालकीची नाहीत. ती सर्वांची आहेत.

लांजा तालुक्यातून मुचकुंदी नदी वाहते आणि पूर्णगडाजवळ समुद्राला मिळते. तिचे नाव मुचकुंदाच्या कथेशी जोडलेले आहे. मुचकुंद हा मांधाता राजाचा पुत्र. देवांच्या बाजूने दीर्घकाळ युद्ध करून तो थकला, आणि त्याने देवांजवळ केवळ झोप मागितली. जो कोणी ही झोप मोडील तो जळून भस्म होईल, असा त्याला वर मिळाला. पुढे कालयवन श्रीकृष्णाचा पाठलाग करीत गुहेत शिरला, आणि निजलेला पुरुष कृष्णच आहे असे समजून त्याने त्याला लाथ मारली. मुचकुंदाने डोळे उघडले. कालयवनाची राख झाली. ती गुहा तालुक्यातील माचाळच्या डोंगरात आहे, असे तेथील लोक सांगतात.

आता 'मुचकुंदी' हे नाव ठेवा आणि बाकीचे सोडून द्या. या नावाचा गाभा कोणता? झोप आणि जाग. कोकणात पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, आणि तरीही चैत्र-वैशाखात कितीएक वाड्यांतील बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. अशा वेळी कातळाखाली निजलेले पाणी जिला ऐकू येते, अशी एक मुलगी कल्पा. तिने कातळावर तळहात ठेवला की झरा जागा होतो. परंतु तिच्या शक्तीला एक मर्यादा हवी, कारण मर्यादेवाचून गोष्टीला रंग चढत नाही. जो झरा ती एकदा उठविते, तो पुढचा पाऊस पडेपर्यंत पुन्हा निजत नाही. उधळपट्टी झाली तर तो कायमचा आटतो. मग खरा संकटाचा प्रसंग कोणता? पाणी मिळण्याचा नव्हे, मिळालेले पाणी गावाने जपून वापरण्याचा.

किंवा 'हिरवा कंदील' याला आपल्या तालुक्यात आणा. 1998 साली संपूर्ण मार्गावर सुरू झालेली कोकण रेल्वे येथील विलवडे स्थानकावरून जाते. पावसाळ्यात दरडी कोसळण्याचे भय असते, म्हणून गस्तवाले कामगार भर पावसात, रात्रीच्या काळोखात रुळांची पाहणी करीत चालत जातात. त्यांच्यातील एकाच्या हातात तो कंदील द्या. त्याला उडता येत नाही. त्याचा प्रकाश डोंगराच्या पोटातील हललेला दगड दाखवितो, एवढीच त्याची शक्ती. गाडीतील निजलेल्या प्रवाशांना त्याचे नावही ठाऊक नसते. असा वीर अमेरिकेतील कोणत्याही कंदिलाहून उणा ठरेल काय?

शेवटी, कल्पनेतील नव्हे तर इतिहासातील एका नावाकडे वळू. लांजा तालुक्यातील कोट हे झाशीच्या नेवाळकर घराण्याचे मूळ गाव. त्या घराण्यातील गंगाधररावांशी 1842 साली मणिकर्णिकेचा विवाह झाला आणि ती लक्ष्मीबाई झाली. व्यक्ती तीच, नाव नवे. 1858 साली ती रणांगणावर पडली. त्यानंतर पंच्याऐंशी वर्षांनी, 1943 मध्ये, नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी सिंगापुरात आझाद हिंद सेनेत स्त्रियांचे एक पथक उभारले आणि त्याला 'झाशीची राणी' हे नाव दिले. पथकाच्या प्रमुख होत्या डॉक्टर लक्ष्मी स्वामिनाथन. त्यांच्या हाताखालील कितीतरी मुली मलायातील रबराच्या मळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांतून आल्या होत्या. त्यांपैकी अनेकींनी हिंदुस्थान कधी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. त्यांच्याजवळ राणीचा घोडा नव्हता, तलवार नव्हती, झाशीचा किल्लाही नव्हता. त्यांच्या खांद्यावर बंदूक होती. नाव मात्र राणीचे होते, आणि ते घेतल्यावर माघार घेणे त्यांना शोभणारे नव्हते.

नावाबरोबर शक्ती येत नाही, जबाबदारी येते. चित्रकथेतील वीर असो, संकासुराचे सोंग असो, की रबराच्या मळ्यातील मुलगी असो, जुने नाव घेणाऱ्याने त्यात स्वतःचे काहीतरी घालावे लागते. तसे घातले तरच ते नाव पुढच्याला देण्याजोगे राहते.

शब्दार्थ

खाचर – भातशेतीचा बांध घातलेला तुकडा. कूटप्रश्न – अवघड कोडे. निमुळता – टोकाकडे बारीक होत गेलेला. मरणासन्न – मरणाच्या दारात असलेला. चाचा – समुद्रावरील लुटारू. कातळ – जमिनीवर पसरलेला खडक. गस्त – फिरता पहारा.

स्वाध्याय

1. पुराणातील शंखासुर आणि खेळ्यांतील संकासुर यांत कोणता फरक आहे?

2. वेताळ या एकाच नावाची तीन पात्रे कोणती? प्रत्येकाचे काम एका वाक्यात सांगा.

3. 'टॅन्जन्ट' हे नाव त्या मालेला का शोभते?

4. 'कॅप्टन मार्व्हल' या नावावरून झालेल्या भांडणात अन्याय कोणावर झाला, असे तुम्हांस वाटते? कारणे द्या.

5. 'व्यक्ती तीच, नाव नवे' आणि 'नाव तेच, व्यक्ती नवी' यांची पाठातील एकेक उदाहरण द्या.

6. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : हिरवा कंदील दाखविणे, मोकळे रान मिळणे, फजिती होणे, रंग चढणे.

7. लेखन : तुमच्या गावातील नदी, डोंगर, झाड किंवा जत्रेतील सोंग यांपैकी एकाचे नाव घ्या. त्या नावाचा अर्थ वडीलधाऱ्या माणसांना विचारा. नंतर त्या नावाचा नवा वीर कल्पून पंधरा ओळी लिहा. त्याची शक्ती, तिची मर्यादा आणि तो कोणाचे रक्षण करतो, या तीन गोष्टी त्यात अवश्य याव्यात.